जास्तीचा कोंबडा

रीना गेली, त्या वर्षापासून आमच्या परसात कोंबडा नाही.

तेव्हा चार कोंबड्यांमागे दोन कोंबडे झाले होते. तांबड्या कोंबडीच्या पाठीवर पीस उरलं नव्हतं, नुसते नख्यांचे ओरखडे. दाणे टाकले तरी ती खुराड्याबाहेर येईना. माहेरी आलेल्या रीनानं तिला धरलं, मी हळद लावली. ह्यांना म्हटलं, "एक कोंबडा काढाच आता. मारून टाकीन तो हिले."

"जावई येऊनच राहिले आज रीनाले न्याले," हे म्हणाले. "त्यायच्यासाठीच कापतो."

रीनानं कोंबडी सोडली नाही. "आई, मले इथंच राहू दे ना."

"वीस दिवस झाले, पोरी. पाऱ्यातले शेजारीपाजारी काय म्हणतीन?"

दुपारी नव्या रायपूरहून जावई आले. रस्सा दोनदा मागून घेतला. "मस्त बना है, मम्मीजी," म्हणाले. मला बरं वाटलं.

निघताना, भर मे महिन्यात ओढणी पाठीवर घट्ट लपेटत रीना हळूच जे बोलली, ते मला अजून रोज दाणे टाकताना ऐकू येतं.

"आई, कोंबडीची पाठ तुले लगेच दिसली."