पाच गोळ्यांवरची सोयरीक

सकाळी आठला शूटिंग रेंज उघडली. दुपारी संघनिवडीची साठ गोळ्यांची स्पर्धा होती; त्याआधी काडतुसांच्या दोन लॉटपैकी, म्हणजे कारखान्यातून आलेल्या दोन खेपांपैकी, कोणता घ्यायचा, हे भाचीला ठरवायचं होतं. पहिल्या लॉटच्या पाचही गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली मावली. "मावशी, हाच!" प्रशिक्षक मावशी पूर्वी कारखान्यात काडतुसांची आकडेवारी तपासायची. "पाच गोळ्यांवर सोयरीक जुळवतेस होय गं? आणखी चाळीस झाड." चाळीस झाडल्यावर नाणं सोडा, मनगटी घड्याळही पुरेना. दुसऱ्या लॉटच्या तेवढ्याच गोळ्या मात्र नाण्याबाहेर फारशा गेल्या नाहीत. भाचीने तोच घेतला. टाकलेला लॉट, त्याची पहिली पाच भोकं पाहिलेल्या प्रतिस्पर्धी मैत्रिणीने हसत उचलला. "चांगला माल हाताशी असताना बसा तुम्ही गणितं मांडत!" दुपारी मैत्रिणीची पहिली गोळी बरोब्बर मध्यावर लागली, भाचीची डाव्या कडेला. भाचीने वळून पाहिलं. मावशीने एक बोट वर केलं. अजून एकोणसाठ गोळ्या उरल्या होत्या.