चांगुणाबाईंच्या पानावरची चौकट

चौकट पुन्हा डावीकडे गेली होती.

शाळेच्या स्टाफरूममध्ये मोबाइल टेबलाखाली धरून प्रीती बघत राहिली. सकाळी निघताना तिनंच ती चौकट मुद्दाम उजवीकडे सरकवली होती. साच्यातला एक शब्द बदलला की झालं. मधल्या सुट्टीच्या आत कुणीतरी तो जिथल्या तिथं आणून ठेवला होता. बदल करणाऱ्यानं नाव दिलं नव्हतं. नाव तिनंही दिलं नव्हतं.

पान चांगुणाबाईंचं होतं. मंठ्याच्या आसपास गावोगाव जलशाची गाणी म्हणत हिंडलेली ही बाई कधीच वारली, तिला ऐकलेली माणसंही थकली. विकिपीडियावर तिचं पान केलं ते सुमितनं, प्रीतीच्या धाकट्या भावानं. लेखातलंच एखादं लाखमोलाचं वाक्य उचलायचं आणि मोठ्या अक्षरांत चौकटीत बसवायचं, हा त्याचा नाद. त्यासाठी तयार साचा असतो. महिरपी कंसात वाक्य घालायचं, खाली बोलणाऱ्याचं नाव, की चौकट उभी. सुमित ती कायम डावीकडे ठेवायचा. वाचणाऱ्याची नजर आधी तिथंच पडते, असं त्याचं म्हणणं.

चांगुणाबाईंच्या चौकटीत होतं : 'माझा आवाज बसला तरी चालंल, गाणं उभं राह्यलं पाहिजे.'

या नादापायीच घरात ठिणगी पडली. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सोडून पोरगा फुकटची पानं लिहीत बसतो, हे अण्णांना सोसेना. अण्णा म्हणजे तातेराव मास्तर, सबंध नोकरी मराठी शिकवण्यात घालवलेले. एक दिवस त्यांनी पाहुण्यांसमोर त्याची पुस्तकं अंगणात फेकली. सुमित बॅग भरून गेला, तो गेलाच. फोन बंद. पोलिसात तक्रार झाली, पुण्यापासून हैदराबादेपर्यंत शोधून झालं. मग अण्णांनी सांगून टाकलं, की या घरात आता त्याचं नाव निघणार नाही. आई, बेबीनंदाबाई, फाटकाची कडी वाजली की हातातलं काम टाकून उभी राहायची. तेवढंच.

आणि आता या आडबाजूच्या पानावर, जे एरवी कुणी उघडतही नसेल, कुणीतरी चौकट डावीकडे नेत होतं.

प्रीतीनं आणखी एकदा पारखून पाहायचं ठरवलं. चांगुणाबाईंच्या वाक्यातलं 'उभं' काढून तिनं 'चालू' घातलं. दुसऱ्या दिवशी 'उभं' परत आलं. सोबत बदलाची नोंद होती : 'मूळ शब्द तसेच ठेवावेत.'

याच मुद्द्यावर सुमित अनोळखी लोकांशी तासन् तास भांडायचा. मोठ्या अक्षरांत छापायचं म्हणून कुणाचं बोलणं सजवायचं नाही.

आईला सांगावं तर खोटं निघाल्यावर ती सावरली नसती. अण्णांचा अदमास घ्यावा म्हणून संध्याकाळी जेवताना प्रीती सहज बोलल्यासारखं बोलली, की सुमितनं केलेलं पान अजून कुणीतरी वाचतं म्हणे.

अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला.

"त्याचं नाव काढायचं न्हाई, म्हणलं होतं ना मी?"

आणि अर्ध्या जेवणावरून ते उठून गेले. त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.

आता तिला निराळीच भीती वाटायला लागली. फार डिवचलं तर तो याही पानावरून नाहीसा व्हायचा. नाव विचारायचं नाही, हाक मारायची नाही. पानामागच्या चर्चेच्या जागेत तिनं एवढंच लिहिलं : 'एकदा भेटता येईल का?'

दिवसभर काही नाही. सकाळी उत्तर आलेलं होतं.

'कुठं म्हणशील तिथं.'

म्हणशील. म्हणजे त्यानं ओळखलं होतं. प्रीती न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. मंठ्यात ओळखीचे डोळे फार, म्हणून तिनं लिहिलं : 'अंबडचा स्टँड, रविवारी सकाळी, चौकशीच्या खिडकीपाशी. घरी कुणाला सांगायचं नाही.'

'नाही सांगत,' असं उत्तर आलं.

ते वाचून ती क्षणभर अडखळली. त्याचं आता दुसरं घर होतं की काय? बायको, लेकरू? असेना, तिनं मनाशी म्हटलं. जिवंत आहे ना.

रविवारी तिनं आईला निवडणुकीचं प्रशिक्षण असल्याचं सांगितलं. अण्णा पहिल्या गाडीनं राजूरला कुणाच्या तरी बारशाला गेले होते, त्यामुळे उलटतपासणी टळली.

अंबडच्या स्टँडवर गर्दी होती. सुमितच्याच चणीचा एक जण पाठमोरा दिसला. ती धावत गेली. तो वळला, चेहरा भलताच. ती मागे फिरली आणि जागीच थिजली.

चौकशीच्या खिडकीपाशी अण्णा उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आलेल्या प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्या माणसाचं तोंड न्याहाळत.

म्हणजे यांना सुगावा लागला होता. तिचा मोबाइल पाहिला असणार. सुमितनं लांबूनच यांना पाहिलं की तो उतरणारच नाही, त्याच गाडीनं निघून जाईल. मग जन्मात दिसणार नाही. पाया पडावं लागलं तरी चालेल, पण यांना इथून घालवायचंच, असं ठरवून ती तरातरा पुढे गेली.

अण्णांनी तिला पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं तोंड उघडायच्या आत त्यांनी तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत खांबाआड नेलं.

"तू कशाला आलीस इथं? जल्दी घरी जा. तुला पाह्यलं तर माघारी फिरंल तो. घरी कुणाला सांगायचं न्हाई, असं लिहिलंय त्यानं."