दुसरा गट

लेस्या बस थांब्याच्या काचेबाहेर थबकली. आत लॉर्न भांडत होता. बाकाच्या रिकाम्या टोकाकडे तोंड करून म्हणत होता, "सरक ना जरा, आल्सीद. सगळं पांघरूण तूच ओढतोस. लहानपणापासून हेच तुझं." मग तो ऐकत राहिला. मग हसला. मग एकाएकी कानांवर हात दाबून, डोळे मिटून, पुढे-मागे झुलू लागला.

आल्सीद त्याचा धाकटा भाऊ. नदीचा बर्फ पायाखाली फुटला आणि तो गेला, त्याला कितीतरी हिवाळे झाले होते. नदी दरवर्षी गोठायची. आल्सीदचा आवाज काही गोठायचा नाही.

लेस्यानं काचेवर टकटक केलं. लॉर्ननं डोळे उघडले आणि माणूस बदललाच. टोपी सरळ केली. कोटाची बटणं लावली. लग्नाला बोलावल्यासारखा ताठ बसला.

"ये पोरी. दार लाव आधी. थंडीला बाहेरच राहू दे, तिला सवय आहे."

"कॉफी आणलीय. दोन साखरा घालून."

"तीन सांगितल्या होत्या. विद्यापीठात मोजायला शिकवत नाहीत वाटतं?"

मोजायलाच तर आली होती ती. विद्यापीठाच्या एका अभ्यासासाठी शहरातल्या बेघर आणि मनानं आजारी माणसांचे दोन गट केले होते. संगणकानं, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे. पहिल्या गटाला घराची चावी मिळाली. दुसऱ्याला काही नाही. प्रश्न मात्र दोघांना तेच, दर ऋतूला एकदा. घर मिळालं की मन सावरतं, हे आकड्यांत दिसलं तर शहर दुसऱ्या गटालाही घरं देणार होतं. फरक दिसला तरच. लॉर्न दुसऱ्या गटातला. पण पुढची घरं या फरकावर अवलंबून आहेत हे त्याला सांगायचं नव्हतं, नाहीतर उत्तरं बिघडतात. प्रश्न लिहिलाय तसा वाचायचा. उत्तर येईल तसं नोंदवायचं. ऐकताना भुवईसुद्धा हलवायची नाही.

आजची भेट शेवटची होती.

"गेल्या महिन्यात, इतरांना ऐकू न येणारे आवाज तुम्हाला ऐकू आले?"

"छे. बसचे तेवढे येतात. तेही उशिरा."

"झोप लागते?"

"बाळासारखी."

"जगणं नकोसं वाटलं?"

लॉर्नची नजर बाकाच्या टोकाकडे गेली. पटकन परत आली. "कधीच नाही. लिही, कधीच नाही."

लेस्याचं पेन अडलं. जे करायचं नाही ते तिनं केलं. हळूच म्हणाली, "लॉर्न, असेल तसं सांगा हं. वाईट असलं तरी चालतं."

"मला चकवतेस होय गं?" तो खुदकन हसला. "सगळं बरं आहे. एकदम बरं."

तिला वाटलं, लाजतोय. एवढा एक मान त्याच्याकडे उरलाय, तो कशाला काढून घ्या? तिनं लिहिलं, कधीच नाही.

बर्फ वितळला. नदीवर पेलिकन पक्षी उतरले. विद्यापीठातल्या एका उबदार खोलीत पडद्यावर दोन गटांच्या दोन रेघा उमटल्या. शेजारी-शेजारी, एकाच उंचीवर, जोडीनं उडणाऱ्या हंसांसारख्या. घर मिळालेली माणसं दार लावून मोकळेपणानं रडली होती, आणि रडलो असं सांगितलंही होतं. रस्त्यावरच्या माणसांची उत्तरं सुरुवातीला वाईट होती. पुढे ऋतूमागून ऋतू सुधारत गेली, काही न मिळता. प्राध्यापकांनी चष्मा काढून डोळे चोळले. फरक नाही, असं त्यांना लिहावं लागलं. शहरानं आभार मानले आणि दुसऱ्या गटाची घरं रद्द केली.

सांगायला लेस्याच गेली. दुसरं कोण जाणार?

चर्चच्या पायऱ्यांवर सूप वाटत होते. लॉर्न होता, त्याची म्हातारी मैत्रीण ब्लांश होती, दुसऱ्या गटातली आणखी चार-पाच जणं होती. ब्लांशनं तिला लांबूनच पाहिलं. "आल्या बघा मास्तरीणबाई! काय गं, निकाल लागला का?"

"कसला निकाल?"

"आमचा! या गाढवाकडून रोज घोकून घेतलंय मी. आवाज? छे. झोप? बाळासारखी. सगळ्यांकडून घोकून घेतलंय."

लेस्या पायरीवर बसलीच. "पण का, ब्लांश?"

"का म्हणजे? निवाऱ्याच्या दारात खरं बोल, रस्ता दाखवतात. घरमालकाला खरं सांग, तो कडी लावतो. भुतांशी बोलणाऱ्याला घर कोण देतं गं?"

"घरं तर संगणकानं ठरवली. मी सांगितलं होतं ना तुम्हाला, अगदी पहिल्या दिवशी."

ब्लांश पोट धरून हसली. "चिठ्ठ्या टाकून घर! आम्ही वेडे असू पोरी, बावळट नाही. पहिल्या खेपेला आम्ही सगळं खरं सांगितलं आणि नापास झालो. तेव्हाच कळलं, परीक्षा आहे. मग लागलो अभ्यासाला."

लॉर्न सुपाची वाटी खाली ठेवून उभा राहिला. टोपी काढून दोन्ही हातांत धरली. "सांग ना. कसे पडले मार्क?"

लेस्याला खोटं बोलता येत नव्हतं. खरंही येईना. "घर मिळालेल्यांइतकेच," ती म्हणाली. "तुम्हा सगळ्यांना. अगदी त्यांच्या बरोबरीचे."

पायऱ्यांवर एकच गलका झाला. कुणाचं तरी सूप सांडलं. ब्लांशनं लॉर्नला मिठी मारली, मग लेस्याला, मग रस्त्यानं चाललेल्या एका परक्या बाईला. लॉर्न मात्र हलला नाही. दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं. ते त्यानं घाईघाईनं बाहीला पुसलं, जणू आत्ताही कुणी पाहील आणि मार्क कापील. मग ओंजळ पुढे करून, लहान मुलाच्या अदबीनं त्यानं विचारलं,

"चावी आजच देतेस, की सोमवारी येऊ?"