माकडकाका

बाळाचा खालचा ओठ पुढे आला. फोटोग्राफरने ते पाहिलं आणि आपली फिरती खुर्ची खिडकीकडे वळवली. ओठ पुढे आल्यावर रडं फुटायला किती वेळ लागतो, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आयुष्यभर तेवढ्या फटीतच त्याने फोटो काढले होते.

खाली तळमजल्यावर त्याचा स्टुडिओ होता. आया रडकी पोरं घेऊन यायच्या आणि हसरे फोटो घेऊन जायच्या. कॅमेऱ्यामागून तो गाल फुगवायचा, भुवया उडवायचा, कान हलवून दाखवायचा. ‘माकडकाका’ हे नाव त्यातूनच पडलं. त्यातली काही पोरं आता टकली झाली होती. तीही रस्त्यात त्याच नावाने हाक मारायची आणि मग त्याच्याकडे पाहून गोंधळायची. कारण माकडकाकांचा चेहरा आता हलत नव्हता.

कंपवाताने आधी उजवा हात धरला, मग चेहरा. हाताला गोळी लागू पडायची. घेतली की थोड्या वेळात थरथर थांबायची. म्हणून तो गोळीची वेळ कधी टळू देत नसे, आणि गोळीचा असर उतरायला लागला की हात खिशात घालून बसे. चेहऱ्यापुढे मात्र गोळीचं काही चालत नव्हतं. आतून तो हसत असायचा. बाहेर काहीच पोचायचं नाही.

हे नातीला कोण सांगणार? सहा महिन्यांची ती. हल्ली ती येईल त्याच्याकडे बघून हसायची आणि उत्तराची वाट बघायची. आजोबांकडे बघूनही हसली होती. एकदा हसली, पुन्हा हसली, हातपाय झाडून ओरडूनही पाहिलं. समोरचा चेहरा ढिम्म. तेव्हापासून आजोबा दिसले की ओठ पुढे.

मुलांच्या डॉक्टरांनी सुनेला समजावलं होतं. या वयात बाळं माणसाचा चेहरा वाचतात आणि चेहऱ्याने उत्तर दिलं नाही की बिथरतात. पण ती शिकतातही. एखादी दुसरी खूण शोधून काढतात. जरा दम धरा. सुनेने घरी येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. फोटोग्राफरने त्यातलं अर्धंच ऐकलं आणि बॅग भरायला घेतली.

सोमवारपासून सून कामावर जाणार होती. बाळ दिवसभर आजीजवळ राहणार. दोन खोल्यांच्या घरात हा चेहरा लपवायचा कुठे? बहिणीकडे जाऊन राहतो, पोरगी जरा मोठी झाली की येईन, असं तो म्हणत होता. बायकोने आधी समजूत घातली, मग टोमणा मारून पाहिला. लग्नाच्या फोटोतही तुमचं तोंड असंच होतं, मी काय माहेरी पळून गेले का? तो बधला नाही. आता बॅग दाराशी उभी होती आणि मुलगा खाली गाडी पुसत होता.

बायको स्वयंपाकघरात त्याची औषधं बांधत होती. सून आतल्या खोलीत दुपट्यांच्या घड्या घालत होती. मधलं दार उघडंच होतं. चटईवरच्या बाळाच्या हातून खुळखुळा निसटला आणि घरंगळत त्याच्या पायाशी येऊन थांबला. पाठीमागे कुरकुर सुरू झाली. त्याने वाकून उजव्या हाताने खुळखुळा उचलला. काही करायला निघालेला त्याचा हात स्थिर असायचा, निवांत टेकला की थरथरायचा. या दुखण्याची तऱ्हाच तशी होती. तोंड न दाखवता हा परत कसा द्यावा, याचा विचार करत त्याने हात मांडीवर टेकवला.

खुळखुळ, खुळखुळ, खुळखुळ.

तो ओशाळला. डाव्या हाताने त्याने उजवं मनगट दाबून धरलं. आवाज थांबला. पाठीमागे आणखी एक आवाज होता, तोही थांबला.

त्याने डावा हात उचलला. खुळखुळा वाजायला लागला आणि पाठीमागे बाळ खिदळलं. मनगट दाबलं, गप्प. सोडलं, पुन्हा खिदळणं. योगायोग तर नाही ना, हे बघायला त्याने आणखी एकदा करून पाहिलं. मग पायाने जमीन रेटत हळूहळू खुर्ची फिरवली.

दुपटं हातात घेऊन सून दारापर्यंत आली होती. ती तिथेच थबकली.

बाळाने खुळखुळ्याकडे पाहिलं. मग वर, त्या न हलणाऱ्या चेहऱ्याकडे. पुन्हा हाताकडे. पुन्हा चेहऱ्याकडे. ओठ जागच्या जागी राहिला. मग ते चेहऱ्याकडे बघून तोंडभर हसलं, आणि लगेच नजर खाली, हातावर आणून वाट बघत राहिलं.

हाताने उत्तर दिलं.

सुनेने दाराशी जाऊन बॅग उचलली आणि आत नेली.

तेवढ्यात बायको पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन बाहेर आली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. “अहो, वेळ झाली. घ्या बघू पटकन, खाली पोरगा खोळंबलाय.”

“थांब गं जरा,” माकडकाका म्हणाले. “आत्ता घेतली तर हात थांबेल.”