शनिवारची मॅच

बायको, सुचित्रा, गेल्यापासून उपेंद्रला मुलाशी बोलायला एकच विषय उरला होता. तनय इंग्लंडमधल्या ज्या छोट्या गावात नोकरीला होता, तिथला फुटबॉल क्लब. दर शनिवारी संध्याकाळी उपेंद्र डब्लिनजवळच्या ओंगारहून फोन करायचा, तनय मॅचची हकीकत सांगायचा, आणि सुचित्राचं नाव न निघता दहा मिनिटं निभावून जायची.

या शनिवारी उपेंद्रच्या मनात आलं, एकदा न कळवता जावं आणि पोराशेजारी बसून मॅच बघावी. पुढच्या मॅचची तारीख बघायला त्याने पहिल्यांदाच लीगची वेबसाइट उघडली. तो क्लब मे महिन्यातच बंद पडला होता. डिव्हिजनमधली त्याची जागा दुसऱ्याच गावच्या संघाला दिली होती. आणि आता तर ऑक्टोबर संपत आला होता.

त्याने फोन लावला. "काय रे, आज काय झालं?"

"ग्रँड, बाबा. टू-वन. वी वॉन."

 

उपेंद्रने वेबसाइट बंद केली. मग म्हणाला, "अरे वा. गोल कोणी मारले?"