नवी कोरी बोट

भोसरीच्या शाळेत गिरजाबाई आणि यशोदाबाई तीस वर्षं शेजारच्या वर्गांवर शिकवत होत्या. निवृत्तीनंतर यशोदाबाई क्रूझवर जाऊन आल्या, तेव्हापासून गिरजाबाईंच्या पोटात दुखत होतं. मुलाने त्याच बोटीची तिकिटं काढली, तर त्यांनी ती बदलायला लावली. "यशोदाची बोट जुनी होती. मला नवी कोरीच हवी."

नव्या बोटीवर पांढऱ्या गणवेशातला एक अधिकारी येऊन त्यांच्या पाया पडला. "बाई, ओळखलंत का? मी धम्मरत्न, आपल्या भोसरीच्या शाळेतला."

गिरजाबाईंना आभाळ ठेंगणं झालं. "आपल्या दोघांचा फोटो काढ, आणि आधी यशोदाला पाठव."



"पाठवतो की. गेल्या वर्षी त्या येणार हे कळल्यावर मी मुद्दाम जुन्या बोटीवर ड्युटी मागून घेतली होती, बाई."