तळापर्यंत उजेड

मांद्रेच्या किनाऱ्यावरच्या नव्या हॉटेलात दोन पुरुष खोल काचेची टाकी उभी राहिली. तळाशी जिवंत प्रवाळ लावलं होतं, पण दिव्यांचा उजेड अर्ध्या पाण्यातच विरायचा. दिव्यांचं काम घेतलेल्या पेडण्याच्या साईशने कितीतरी दिवे बदलून पाहिले आणि शेवटी झोत अरुंद करणाऱ्या भिंगांचे, प्रखर निळे दिवे निवडले. तळाचं प्रवाळ फुललं तेव्हा त्याचे डोळे भरून आले.

उद्घाटनाच्या संध्याकाळी मालक म्हणाला, "आज दिवे रात्रभर राहू देत. किनाऱ्यावरून दिसले पाहिजेत."

"प्रवाळाला रात्री काळोख लागतो, सर."

"एका रात्रीने काय होतंय रे?"

साईशने दिवे चालूच ठेवले. आपले दिवे लांबून कसे दिसतात, हे त्यालाही बघायचंच होतं.

सकाळी त्याची बहीण संजना हिचा फोन आला. ती त्याच किनाऱ्यावर कासवांची अंडी राखायचं काम करायची.

"दादा, आम्हाला न सापडलेलं एक घरटं होतं. रात्री पिल्लं बाहेर आली."

"बरं झालं गो! गेली सगळी समुद्रात?"



"नाही रे. सगळी समुद्र समजून तुझ्या उजेडाकडे चालत गेली. हॉटेलच्या काचेखाली मरून पडलीत."